सुरीचा दृष्टांत आता पुरे

प्रसारमाध्यमे ही सुरीसारखी आहेत. तिने फळ कापावे की गळा, हे धरणाऱ्याच्या हाती असते, हा दृष्टांत ज्याने कधी ऐकला नाही असा भाविक आपल्या धर्मग्रामांत सापडणे कठीण आहे. पालकांचा मेळावा असो, युवकांचे शिबिर असो, पवित्र कुटुंबाच्या सणाचे प्रवचन असो, वक्ता गंभीर चेहऱ्याने ही सुरी बाहेर काढतो आणि श्रोते समाधानाने माना डोलावतात. दूरचित्रवाणी आली तेव्हा ती होती, संगणक आला तेव्हा होती, मोबाइलच्या युगातही तीच आहे. इतरांना दोष कशाला द्यावा? वेदीजवळ उभे राहून आम्हीही ती अनेकदा परजली आहे.

आज आम्ही तो दृष्टांत जाहीरपणे मागे घेत आहोत. तो जुना झाला म्हणून नव्हे. तो असत्य आहे, आणि ज्यांच्या फायद्याचा आहे त्यांच्या वतीने आपण तो फुकट सांगत आलो आहोत, म्हणून.

सुरीचा व्यवहार जरा आठवून पाहावा. लोहार पाते घडवतो, आपण पैसे मोजतो, सुरी घरी येते आणि लोहाराचा संबंध संपतो. आपण दिवसातून किती कांदे चिरले, हे तो विचारीत नाही. आपण निजल्यावर घरात शिरून तो पात्याचा आकार बदलून जात नाही. खणात ठेवलेली सुरी दर दहा मिनिटांनी किणकिण करून आपल्याला बोलावीत नाही, आणि आपण ती अधिक वेळ हाती धरून बसावे यात लोहाराचा काही लाभही नसतो. मोबाइलच्या पडद्यावर यांतील प्रत्येक गोष्ट घडते. एक चित्रफीत संपताच दुसरी आपोआप सुरू होते. पान खाली सरकवत जावे तर त्याला तळ म्हणून सापडत नाही. हे अपघाताने झालेले नाही. थांबण्याची जागा हेतुपुरस्सर काढून टाकलेली आहे. पुस्तकाचे प्रकरण संपते, वृत्तपत्राचे शेवटचे पान येते, पाच रहस्ये झाली की जपमाळसुद्धा संपते.

हे सारे कोणासाठी, हे आम्ही एकदा वाडीतल्या एका आजींना समजावून सांगत होतो. त्यांचा उभा जन्म पहाटेच्या गाडीने दादरच्या बाजारात फुले नेण्यात गेला. नातू तासन्‌तास मोबाइल पाहतो आणि पाहण्याचे पैसे कोणी मागत नाही, हे काही त्यांना पटेना. "जगात फुकट कोण देतो, फादर?" असा त्यांचा रोकडा सवाल होता. आम्ही सांगितले की पैसे जाहिरातदार देतात. नातू काय पाहतो, कुठे थांबतो, कशावर पुन्हा परततो याची नोंद ठेवली जाते आणि त्याचे लक्ष जाहिरातदाराला विकले जाते. आजी क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे गिऱ्हाईक तो नव्हेच. तो टोपलीतला माल."

आजींनी आकडे पाहिले नव्हते, आपण पाहू. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप यांची मालक असलेल्या मेटा कंपनीचे २०२३ सालचे उत्पन्न सुमारे १३५ अब्ज डॉलर होते. त्यातले जवळजवळ १३२ अब्ज जाहिरातींतून आले. गूगल आणि यूट्यूब ज्या अल्फाबेट कंपनीच्या छत्राखाली येतात तिचेही तीन चतुर्थांशांहून अधिक उत्पन्न त्या वर्षी जाहिरातींचेच होते. ज्याच्या घरात १०० रुपयांतले ९७ रुपये एकाच धंद्यातून येतात, त्या घराचा धंदा कोणता, हे सांगण्यास अर्थतज्ज्ञ लागत नाही.

माल जास्त वेळ टोपलीत राहावा म्हणून काय केले जाते, याचा एक नमुना देतो. फेसबुकवर कोणता मजकूर कोणाला आधी दिसावा हे गणिती सूत्र ठरवते. २०१७ सालापासून त्या सूत्रात साध्या पसंतीच्या चिन्हापेक्षा हसू, आश्चर्य, संताप इत्यादी भावचिन्हांना पाचपट वजन देण्यात आले होते. म्हणजे एखाद्या मजकुराने १० माणसे संतापली तर तो ५० माणसांनी पसंत केल्यासारखा पुढे जात असे. संतापाची चिन्हे गोळा करणाऱ्या मजकुरात खोटेपणा आणि विखार अधिक असतो, असे कंपनीच्याच संशोधकांना आढळले. मग ते वजन टप्प्याटप्प्याने कमी होत २०२० मध्ये शून्यावर आणले गेले. हे जगाला कळले ते २०२१ साली फ्रान्सेस हॉगेन या माजी कर्मचारी स्त्रीने कंपनीची अंतर्गत कागदपत्रे उघड केल्यावर. मधल्या काळात आपल्या घराघरांतून, नात्यानात्यांतून, धर्माधर्मांतून जी भांडणे पेटली, त्यांतली किती आपल्या स्वभावाची होती आणि किती त्या सूत्राची, याचा हिशेब आता कोण मांडणार? शांतीचे शुभवर्तमान घेऊन येणाऱ्याला त्या रांगेत कितवा क्रमांक मिळत असेल, हाही प्रश्न आमच्यासारख्या धर्मगुरूला पडतो.

आता महाराष्ट्राच्या भूमीवरची एक घटना. १ जुलै २०१८, रविवार, धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा या गावी आठवड्याचा बाजार होता. भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठार केले. अशा टोळ्या फिरत असल्याच्या अफवा त्या दिवसांत व्हॉट्सॲपवरून गावोगाव पसरत होत्या. पुढे १६ एप्रिल २०२० रोजी आपल्याच पालघर जिल्ह्यात, गडचिंचले येथे, तशाच अफवांच्या वातावरणात दोन साधू आणि त्यांचा चालक जमावाच्या हातून मारले गेले. मारणाऱ्या हातांचे पाप यामुळे रतिभरही हलके होत नाही, हे आम्ही स्पष्ट सांगतो. पण राईनपाड्याच्या त्याच महिन्यात काय झाले, तेही पाहावे. एक संदेश एका वेळी पाचांपेक्षा अधिक ठिकाणी पुढे पाठवता येणार नाही, अशी मर्यादा कंपनीने भारतापुरती घातली. २०१९ च्या जानेवारीत ती जगभर लागू झाली. २०२० च्या एप्रिलमध्ये, फार वेळा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे ठरले आणि अशा संदेशांचा प्रसार ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीनेच जाहीर केले.

सुरीवाल्या वक्त्यांनी या ७० टक्क्यांचे उत्तर द्यावे. त्या काही दिवसांत कोट्यवधी भारतीयांचे अंतःकरण बदलले होते काय? सारा देश प्रायश्चित्ताला बसला होता काय? माणसे तीच होती, हात तेच होते. पाते दूर कुठेतरी एका कार्यालयात बसून बोथट केले गेले. जे पाते बोथट करता येते ते आधी धारदारही कोणीतरी ठेवले होते, हे मान्य करावयास नको काय?

फुकटाच्या मोहाबद्दलही थोडे बोलले पाहिजे. निवडक संकेतस्थळे विनामूल्य देणारी 'फ्री बेसिक्स' ही योजना फेसबुकने आपल्या देशात आणली, तिच्यासाठी वृत्तपत्रांतून पानपानभर जाहिराती दिल्या, आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने असे भेदभावाचे दर बेकायदा ठरवले. नागरिकांच्या चळवळीचा तो विजय होता. आपल्या समाजात त्याची फारशी दखलही घेतली गेली नाही. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला जिओची सेवा सुरू झाली आणि पुढच्या मार्चअखेरपर्यंत ती ग्राहकाला फुकट मिळत राहिली. गरिबाच्या हाती इंटरनेट आले, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु फुकटाच्या त्या लाटेनंतर खासगी क्षेत्रात देशव्यापी अशा तीनच कंपन्या उरल्या आणि २०२४ च्या जुलैमध्ये तिघींनीही दर वाढवले. दरम्यान, २०२० साली फेसबुकने ४३,५७४ कोटी रुपये मोजून जिओ प्लॅटफॉर्म्सचा ९.९९ टक्के हिस्सा घेतला होता. गूगलही ३३,७३७ कोटी घेऊन मागोमाग आले होते. रस्ता बांधणारा आणि रस्त्यावरचा दुकानदार असे एकमेकांचे भागीदार झाले. क्रिकेटचेही तसेच. आयपीएलचे २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क एकूण ४८,३९० कोटींना गेले. भारतातले दूरचित्रवाणीचे हक्क एका समूहाने घेतले, डिजिटल हक्क दुसऱ्याने. नोव्हेंबर २०२४ मध्ये ते दोन्ही समूह एकाच छपराखाली आले. निवड तुमच्या हाती आहे, असे आपण ज्या युवकांना सांगतो, त्यांच्यापुढे निवडण्यासाठी नेमके काय ठेवलेले आहे?

यावर आमचे एक विद्वान गुरुबंधू म्हणतात, "चर्चने छापखान्याचाही असाच धसका घेतला असता तर?" गोव्यात १५५६ मध्ये भारतातला पहिला छापखाना आला तो मिशनऱ्यांमुळेच, त्याचा अभिमान आम्हांसही आहे. पण त्यांचा दाखला त्यांच्यावरच उलटतो. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले ते रोमी लिपीत. मराठीच्या थोरवीवर जीव ओवाळणाऱ्या कवीचे काव्य परक्या अक्षरांत निघाले, कारण नागरी लिपीचे खिळे नव्हते. साधनाने त्या ग्रंथाचा वाचक कोण असेल, हे ठरवण्यात तेव्हाही हात घातलाच होता. छापखाना निदान वाचकाच्या उशाशी बसून त्याची झोप मोजत नव्हता, एवढाच फरक.

तरी हे मत आमचे एकट्याचे आहे असे कोणी समजू नये. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी 'इंतेर मिरीफिका' हा आदेश काढला, तेव्हा भर प्रामुख्याने योग्य वापरावर होता. आपली सुरी बहुधा तिथूनच निघाली. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी' या परिपत्रकाच्या १०७ व्या परिच्छेदात निःसंदिग्ध सांगितले की तंत्रज्ञानाची फळे तटस्थ नसतात. ती जी चौकट उभी करतात ती माणसाच्या जगण्याला वळण लावते आणि समाजाच्या शक्यता काही बलाढ्य गटांच्या हितानुसार आखते. पोप लिओ चौदावे यांनी मे २०२५ मध्ये निवड झाल्यावर दोनच दिवसांनी कार्डिनल मंडळीसमोर आपल्या नावाचे कारण सांगितले, तेव्हा त्यांनी १८९१ च्या 'रेरूम नोव्हारूम'ची आणि लिओ तेराव्यांची आठवण काढली. कृत्रिम बुद्धिमत्ता ही त्यांना नवी औद्योगिक क्रांती वाटते. त्या काळी कारखान्यातल्या कामगाराला चर्चने 'यंत्र ही तटस्थ गोष्ट आहे, तू जपून वापर' असा उपदेश करून घरी पाठवले नव्हते. वेतनाबद्दल, संघटनेच्या हक्काबद्दल, मालकाच्या कर्तव्याबद्दल चर्च बोलले होते. आपण मात्र अजून मुलांचे कान धरतो आणि मालकाचे नावही घेत नाही.

या सवयीचा इतिहासही आमच्या स्मरणात आहे. १९९२ च्या ऑक्टोबरात झी टीव्ही आला तेव्हा आम्ही सेमिनरीत होतो. पुढच्या काही वर्षांत संध्याकाळची जपमाळ साडेसातची सातला आली, सातची साडेसहाला, आणि काही घरांतून नाहीशीच झाली. आम्ही तरुण धर्मगुरू प्रवचनांतून 'चंगळवाद' या शब्दाचा मारा करीत होतो आणि तो सारा मारा बाकांवर बसलेल्या आयांवर होत होता. दिवसभर वाडीत राबून आलेल्या, मुलाबाळांचे करून थकलेल्या त्या बायांना आम्ही मोहाला बळी पडलेल्या ठरवले. मालिकेची वेळ कोणी ठरवली, तीत दर काही मिनिटांनी साबण आणि साड्या कोणी घुसवल्या, हा प्रश्न आम्ही एकदाही विचारला नाही. त्या मातांची आम्ही आज क्षमा मागतो. त्यांतल्या बऱ्याच आता नाहीत.

आणि आज? टाळेबंदीत, २०२० साली, आम्ही रिकाम्या चर्चमधून मिस्सा पडद्यावरून पोहोचवली, तेव्हा ती गरज होती. पुढे ती अंथरुणाला खिळलेल्यांसाठी चालू ठेवली, तेही योग्यच झाले. परंतु एका आजारी भगिनीने आम्हांस सांगितले की प्रवचन आणि अर्पणविधी यांच्या मध्ये तिला कर्ज देणाऱ्या कुणाची तरी जाहिरात दिसली. ती आम्ही लावलेली नव्हती. लावणाऱ्याने आम्हांस विचारलेही नव्हते. येशूने सराफांचे चौरंग मंदिराच्या आवारात उलथले. इथे मंदिरच सराफाच्या आवारात नेऊन मांडलेले, आणि नेणारे आम्ही.

याहून जड गोष्ट गेल्या पावसाळ्यात घडली. धर्मग्रामातले एक वृद्ध गृहस्थ आपल्या बालमित्राच्या अंत्यविधीला पोहोचू शकले नाहीत. मित्राचे घर दुसऱ्या टोकाच्या वाडीत. दफन झाल्यावर संध्याकाळी त्यांना कळले. त्यांच्याकडे साधा फोन आहे. अंत्यविधीची वेळ आम्ही चर्चच्या व्हॉट्सॲप गटावर टाकली होती आणि आपले काम झाले असे समजून निजलो होतो. पूर्वी अशा वेळी चर्चची घंटा वाजत असे. गट सुरू झाल्यावर ती हळूहळू बंद पडली, आणि दोर कुजला तेव्हा कोणी नवा आणला नाही. दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ पाद्रीघराच्या पायरीवर येऊन बसले. रागावले नाहीत. "आता मलाही तो मोठा फोन घ्यावाच लागेल ना, फादर?" एवढेच त्यांनी विचारले. आमच्या सोयीसाठी आम्ही एका म्हाताऱ्या माणसाला कोणत्या दुकानाच्या दारात उभे केले होते, हे त्या वाक्याने आमच्या ध्यानी आले.

तरुण मंडळींशी यावर बराच वाद झाला. गट बंद करण्याची मागणी आम्ही केलेली नाही, आणि करणारही नाही. ठरले आहे ते एवढे: जे गटावर जाईल ते त्याआधी चर्चच्या फलकावर खडूने लिहिलेले असेल. वाडीवाडीतल्या छोट्या ख्रिस्ती समूहांचे प्रमुख, ज्या घरांत मोठा फोन नाही त्या घरांची यादी ठेवतील आणि मृत्यूची वार्ता तिथे पायी पोहोचवतील. मिस्साचे प्रक्षेपण यापुढे, जिथे जाहिरात येणार नाही याची खात्री आहे, तिथूनच होईल; त्याला पैसे पडतात आणि ते आर्थिक समितीने मंजूर केले आहेत. घंटेला नवा दोर गेल्या शनिवारी बांधला.