पागडी द्या, पण कागदावर

नळ बाजार असो, मदनपुरा असो की भेंडी बाजार, आपल्यापैकी पुष्कळांची दुकाने व कारखाने पागडीच्या गाळ्यांत आहेत. लाखो रुपये मोजायचे आणि हाती काय, तर भाडेपावती. तीही कित्येकदा जुन्या भाडेकरूच्या नावाची! पागडीचा व्यवहार तोंडीच करायचा असतो, हा समज बाजारात पक्का बसला आहे. तो आता सोडला पाहिजे.

या समजाला एकेकाळी कारण होते. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने पागडी घेणे हा गुन्हा ठरविला होता. परंतु ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ अमलात आला आणि चित्र पालटले. त्याच्या कलम ५६ नुसार भाडेकरूने हक्क सोडताना मोबदला घेणे आणि मालकाने भाडेपट्टा देताना वा हस्तांतरास संमती देताना रक्कम घेणे, दोन्ही कायदेशीर झाले. मग जे लपविण्याची गरज उरली नाही ते आपण आजही का लपवितो?

उत्तर सर्वांना ठाऊक आहे. मुद्रांक शुल्क वाचते, प्राप्तिकराचा प्रश्न येत नाही. पण ही बचत फार महागात पडते. मालकाच्या संमतीविना घेतलेला गाळा हे जागा खाली करून घेण्याचे सबळ कारण ठरते. पैसे मोजून आत आलेला माणूस कोर्टात बेकायदा पोटभाडेकरू ठरतो. इमारत पुनर्विकासाला गेली की यादीत नाव कोणाचे, हाच प्रश्न उरतो. तेथे तोंडी शब्दाला कोण विचारतो?

दुसरा धोका 'लिव्ह अँड लायसन्स'चा. रक्कम पागडी म्हणून द्यायची आणि सही अकरा महिन्यांच्या कागदावर करायची, हा आतबट्ट्याचा व्यवहार होय. असा परवानाधारक भाडेकरू नसतो. मुदत संपली की जागा सोडण्याची पाळी येते.

तिसरी गोष्ट वारसांची. धंद्याच्या जागेत भाडेकरूच्या मृत्यूसमयी त्याच्यासोबत तेथे व्यवसाय करणाऱ्या कुटुंबीयाला कायदा भाडेकरू मानतो. असा कोणी नसेल तरच इतर वारसांचा विचार होतो, आणि त्यांचे एकमत न झाल्यास कोर्ट ठरविते. तेव्हा गादीवर कोण बसते, याचा पुरावा हयातीतच तयार ठेवावा. भावाभावांतले तंटे येथेच सुरू होतात.

कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी व नोंदणीकृत हवा आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. ती टाळणाऱ्या मालकास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. नोंदणीकृत करार नसल्यास अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, पण मालकाने उलट सिद्ध करेपर्यंतच. त्याच्या भरवशावर झोपी जाऊ नये.

म्हणून व्यापारी बांधवांनी एवढे करावे: रक्कम चेकने द्यावी. करारावर मालक, जुना व नवा भाडेकरू, तिघांच्या सह्या घ्याव्यात व तो नोंदवावा. भाडेपावती, वीजबिल आणि गुमास्ता एकाच नावावर करून घ्यावे. मालक सही देत नसेल तर तो सौदा सोडून द्यावा. दुसरा गाळा मिळेल. बुडालेले भांडवल मिळणार नाही.