आधी मोजा, मग बोला!

दिवाळी अंकात हा विषय काढू नये, असे मला दोघातिघा स्नेह्यांनी बजावले. फराळाचे ताट समोर असताना बायकांच्या दुखण्याची कथा कोण वाचील, असे त्यांचे म्हणणे. मी त्यांना एवढेच विचारले, की ते ताट भरले कोणी? आमच्या झाडीपट्टीत दिवाळीला हलके धान कापणीला आलेले असते. दिवसभर बांधीत वाकायचे, संध्याकाळी कढईपुढे बसायचे, भाऊबीजेच्या मंडईला आणि नाटकाला आलेल्या पाहुण्यांची जेवणे उरकायची आणि मग कमरेला हात लावून उठायचे, असा जिचा सण, तिच्या कमरेविषयी सणाला बोलायचे नाही, तर केव्हा बोलायचे?

“आमच्या रानातल्या बायका मोठ्या कणखर, त्यांना काही होत नाही,” हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो. ते म्हणणारा पुरुष असतो आणि बहुधा खाटेवर बसलेला असतो. एके काळी सरकारचाही तसाच समज होता. सरकारी दवाखान्याला बाईची आठवण दोनच वेळा होई, बाळंतपणाच्या वेळी आणि कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी. मधली सारी वर्षे ती निरोगी, असे गृहीत धरलेले होते.

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग १९८६ साली गडचिरोलीत आले, आणि त्यांनी या गृहीतावर बोट ठेवले. वसा आणि अमिर्झा ही दोन गावे. तेथील साडेसहाशे स्त्रियांची रीतसर तपासणी झाली. तपासणारी बाईच होती, म्हणून बायका बोलल्या. निष्कर्ष १४ जानेवारी १९८९ च्या ‘लॅन्सेट’ या लंडनच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. शंभरांतील ब्याण्णव स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही विकार होता. सरासरी काढली, तर एकेकीला तीनांहून अधिक विकार! आणि याआधी कधी काळी अशी तपासणी झाली होती, ती शंभरांतील अवघ्या आठ जणींची.

वाचकहो, हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहा. ब्याण्णव आजारी, आठ तपासलेल्या. “काही होत नाही” या वाक्याचा खरा अर्थ “कोणी पाहिलेच नाही” असा होता! १९९४ साली कैरो येथे लोकसंख्येविषयी जागतिक परिषद भरली. तेथे, बाई म्हणजे केवळ जननदर घटविण्याचे साधन नव्हे, तिचे सबंध आरोग्य हाच धोरणाचा पाया असला पाहिजे, हा विचार जगाने मान्य केला. त्या विचारामागे जे पुरावे उभे राहिले, त्यांत वसा-अमिर्झ्याच्या अंगठा उठविणाऱ्या बायकांचाही पुरावा होता.

येथे कोणी शहाणा म्हणेल, “यात संशोधन ते कसले? बायकांना त्रास असतो, हे कोणाला ठाऊक नाही?” बरोबर आहे. विहिरीवर ते सर्वांना ठाऊक होते. पण विहिरीवरचे ज्ञान मुंबईच्या मंत्रालयात चालत नाही. तेथे कागद लागतो, कागदावर आकडा लागतो. मी शाळामास्तर आहे. हजेरीपटात मुलीच्या नावापुढे गैरहजेरीची खूण करतो, तेव्हा ती का आली नाही, हे मला ठाऊक असते. धाकटे भावंड सांभाळायला राहिली, किंवा रात्री बाप पिऊन आला. पण पटात त्या कारणाला रकाना नाही. वर्षअखेर वरिष्ठांकडे जाते ती गैरहजेरी, कारण माझ्यापाशीच राहते. ज्याला रकाना नाही त्याला खर्चाची तरतूद नाही, आणि ज्याला तरतूद नाही ते दुःख सरकारी दृष्टीने घडलेलेच नसते.

आता बापाच्या पिण्याकडे येतो, कारण तेथे ही मोजणी कशी एकांगी होते, ते स्पष्ट दिसते. गडचिरोलीत लोकांच्या चळवळीमुळे १९९३ साली दारूबंदी झाली. चंद्रपूर जिल्ह्यातील हजारो बायका २०१० च्या डिसेंबरात चिमूरहून नागपूरच्या विधानभवनापर्यंत पायी गेल्या. संजय देवतळे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, तिने बंदीची शिफारस केली, आणि १ एप्रिल २०१५ पासून बंदी आली. ती सहा वर्षे टिकली. दुसरी समिती बसली, आणि २७ मे २०२१ रोजी मंत्रिमंडळाने बंदी उठविली.

बंदी यशस्वी झाली होती, असे मी म्हणत नाही. चोरटी दारू येत होती, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. माझा झगडा कारणांच्या यादीशी आहे. महसूल बुडाला, अवैध धंदा वाढला, गुन्हे वाढले, त्या धंद्यात बायका-मुले ओढली गेली, असे सरकारने सांगितले. यांतील प्रत्येक गोष्टीला कोठे ना कोठे वही आहे. महसुलाची वही उत्पादन शुल्क खात्याकडे, गुन्ह्यांची ठाण्यात. पण त्या सहा वर्षांत किती घरांत मार थांबला, किती घरांत थांबला नाही, मजुरीतले किती रुपये बाईच्या हाती उरले, याची वही कोणत्या कचेरीत होती? एका पारड्यात वजनमापे आणि दुसऱ्यात उसासे. तराजू कोठे झुकणार, हे तोलण्यापूर्वीच ठरलेले असते!

मोजण्याचा नियम ठरवितानाही हीच गंमत. राज्याच्या २००८ च्या आदेशाप्रमाणे गावातील बायका मतदान करून दुकान बंद करू शकतात. चिठ्ठीवर उभी बाटली आणि आडवी बाटली. परंतु आडव्या बाटलीला मतदारयादीतील एकूण बायकांपैकी निम्म्याहून अधिक मते पडली पाहिजेत, झालेल्या मतदानापैकी नव्हे. म्हणजे जी मिरची तोडायला तेलंगणात गेली, जी बाळंतीण आहे, जी वारली पण यादीत उरली, त्या साऱ्यांचे मत दुकानाच्या पदरात! आमच्या आमदार-खासदारांना हाच नियम लावला, तर किती खुर्च्या रिकाम्या होतील, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

महाराष्ट्राने १९९४ साली आपले पहिले महिला धोरण जाहीर केले, याचा आम्हांस अभिमान आहे. पण धोरणाच्या आधी पाहणी हवी आणि धोरणानंतरही पाहणी हवी. माझे मागणे मोठे नाही. आरोग्य केंद्रात बाईला तपासणारी बाई असावी, आणि तिने बाळंतपणाबाहेरच्या दुखण्यांचीही नोंद ठेवावी. दारूविषयी निर्णय करायचा असेल, तर महसुलाच्या वहीशेजारी घराची वही उघडावी. बायकांचे मतही इतर मतांप्रमाणेच मोजावे. आणि जी माहिती गोळा होईल, ती ग्रामसभेत मराठीत, गोंडीत, माडियात वाचून दाखवावी. ज्यांचे दुःख मोजले, त्यांना तो आकडा आधी कळला पाहिजे. लंडनला तो नंतर कळला तरी चालेल.

कायदे सरकार करील तेव्हा करो. भाऊबीजेला तुमची बहीण ओवाळायला येईल. तबकात नोट ठेवण्यापूर्वी तिला विचारा, “ताई, तुझे काय दुखते? आणि ते कोणाला दाखविलेस का?” ती प्रथम “काही नाही रे” म्हणेल. पण शंभरांतील ब्याण्णव जणींना काही ना काही होतेच. तेव्हा तेथे थांबू नका, पुन्हा विचारा.