परसदारची भट्टी



"मुलांना पिझ्झा हवा असतो. विकतचा महाग पडतो आणि घरच्या छोट्या ओव्हनमध्ये ती चव येत नाही. परसात जागा आहे, तर विटांची भट्टी बांधता येईल का?" असे शहाद्याहून एका मैत्रिणीने विचारले आहे. बांधता येईल. चांगला गवंडी मिळाला तर चार दिवसांचे काम आहे. पण विटा आणायला निघण्यापूर्वी थोडा विचार करू या.

आपल्या आयांनी, सासूबाईंनी चुलीच्या धुरात उभा जन्म काढला. फुंकणी फुंकून डोळे गेले, खोकला जडला. पुढे शहरांत गॅस आला आणि २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाल्यावर सिलिंडर खेड्यापाड्यांतही पोहोचू लागला. जो धूर घालवायला दोन पिढ्या लागल्या, तोच आपण हौसेने परत आणायचा का? जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतल्या लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळवण्याचे आदेश दिले, ते काही उगीच नव्हे. म्हणून माझे म्हणणे असे की भट्टी बांधा, पण रोजच्या स्वयंपाकाला नको आणि एकटीसाठीही नको. पंधरा दिवसांतून एकदा पेटवा आणि चार घरांत मिळून वापरा. असे का, ते पुढे कळेलच.

चूल आणि भट्टी यांत मोठा फरक आहे. चुलीवर जाळ असतो तोवरच पदार्थ शिजतो. भट्टीत आधी विटा तापवायच्या आणि मग त्या विटांच्या उष्णतेवर भाजायचे. चूल विझली की काम संपते, भट्टीचे अर्धे काम जाळ विझल्यावर सुरू होते. इसवी सन ७९ मध्ये व्हेसूव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात अशाच घुमटाच्या भट्ट्या सापडल्या आहेत. गोव्यातले पोदेर पाव भाजतात तेही याच तत्त्वावर. म्हणजे हे काही नवे खूळ नाही.

जागा आणि पाया

घरापासून निदान दहा फूट लांब, वर झाडाची फांदी किंवा विजेची तार नाही अशी जागा निवडा. वाऱ्याची दिशा पाहा. धूर शेजारच्या खिडकीत जाणार असेल तर आधी शेजारणीला विचारा. नंतरचे भांडण परवडत नाही. कडबा, कपाशी, वाळत घातलेल्या मिरच्या जवळपास नकोत.

आपल्याकडची काळी माती कपाशीला सोन्यासारखी, पण बांधकामाला दगा देणारी! पावसात फुगते, उन्हात भेगाळते. म्हणून पाया खोदताना काळी माती काढून टाका आणि मुरूम लागेपर्यंत खाली जा. वर साध्या विटांचा साडेचार फूट रुंद, पाच फूट लांब आणि कमरेइतका उंच ओटा बांधून घ्या. ओट्याला सिमेंट चालेल. खाली कमानीत लाकडे ठेवायला जागा सोडली तर सोयीचे होते.

ओट्यावर चार इंचांचा थर भाताच्या तुसाच्या राखेचा द्या. नवापूरकडे भात पिकतो, तिथे ही राख मिळू शकते. चार घमेली राख, एक घमेले माती, बेताचे पाणी, एवढेच. हा थर दिला नाही तर सगळी उष्णता ओट्यात उतरते आणि पिझ्झा वरून भाजला तरी खालून कच्चा राहतो. त्यावर तळाच्या विटा गिलावा न करता एकीला एक भिडवून, सपाट बसवा. खर्च करायचाच तर इथे करा आणि तळाला फायर ब्रिक घ्या. घुमटाला साध्या पक्क्या भाजलेल्या विटा चालतात.

घुमट

तीन मापे लिहून ठेवा. घुमटाची आतली रुंदी ३२ इंच, आतली उंची १६ इंच आणि तोंडाची उंची १० इंच. तोंड घुमटाच्या उंचीच्या दोनतृतीयांशापेक्षा किंचित कमीच हवे. जास्त ठेवले तर उष्णता बाहेर पळते, फार कमी ठेवले तर आत हवा जात नाही आणि जाळ घुसमटतो. तोंडाची रुंदी १६ इंच पुरे.

साचा हवा म्हणून सुताराकडे जाऊ नका. तळावर ओल्या वाळूचा ढीग करून तो थापटून अर्ध्या नारळासारखा गोल करा आणि त्यावर ओली वर्तमानपत्रे पसरा. या ढिगावर विटांचे अर्धे तुकडे ओळीने लावत वर जायचे. तूटफूट धरून शंभर विटा आणल्या तर पुरतात. दोन दिवसांनी तोंडातून वाळू काढून घ्यायची. हाताला कागद लागला की समजावे, घुमट आला.

घुमटाच्या विटा जोडायला सिमेंट अजिबात नको. इतक्या उष्णतेत ते भुसभुशीत होते. गवंडी आग्रह धरील, पण तुम्ही ऐकू नका. कुंभाराकडची चिकट माती एक भाग आणि चाळलेली वाळू तीन भाग असा गारा करा. त्याचा लाडू वळून कमरेच्या उंचीवरून खाली टाका. फुटला तर माती कमी आहे, पसरला तर पाणी जास्त आहे. आकार धरून राहिला म्हणजे जमले! नदीतले गोटे मात्र भट्टीत कुठेही वापरू नका. त्यांच्यात पाणी मुरलेले असले तर तापल्यावर ते फुटतात.

धुराडे घुमटाच्या डोक्यावर नको, तोंडाच्या पुढच्या बाजूला हवे. वर भोक पाडले की सारी उष्णता तिथूनच जाते. लोखंडी नळी घेतलीत तर जस्ताचा मुलामा नसलेली घ्या. शेवटी घुमटाला बाहेरून तुसाची राख आणि मातीचा तीन इंच थर द्या आणि वर शेणमातीत बारीक गवत घालून लिंपून काढा. लिंपण तर आपल्याला कुणी शिकवायला नको!

घाई नको

इथेच बहुतेकांची भट्टी फुटते. बांधून झाल्यावर आठवडाभर सावलीत नुसती वाळू द्या. मग आठवडाभर रोज जाळ करा. पहिल्या दिवशी मूठभर काटक्या, दुसऱ्या दिवशी दोन मुठी, असे वाढवत न्या. एकदम मोठा जाळ केला तर विटांतल्या ओलीची वाफ होऊन घुमट तडकतो. केसासारख्या बारीक चिरा पडल्या तर घाबरू नका, मातीने बुजवा. दिवाळीनंतर काम काढले तर माती सावकाश वाळते. पावसाळ्यात वर पत्रा टाका आणि पाऊस संपल्यावर पुन्हा लहान जाळापासून सुरुवात करा.

पेटवण्याचा दिवस

वाळलेले बाभळीचे लाकूड उत्तम. रंग दिलेली फळी, प्लायवुड आणि कण्हेर चुकूनही नको, कण्हेर विषारी आहे. फवारणी झालेल्या कपाशीच्या काड्याही खाण्याच्या भट्टीत नकोत. सातपुड्यात धडगाव-अक्कलकुव्याकडे आजही बायका सरपणासाठी डोंगर चढतात. आपल्या हौसेपायी जंगल तुटायला नको. बांधावरच्या छाटलेल्या फांद्या वापराव्यात.

जाळ मध्यभागी दीड-दोन तास चालू ठेवा. घुमट आतून आधी काजळीने काळा होईल, मग काजळी जळून विटा पुन्हा स्वच्छ दिसू लागतील. ही तयारीची खूण. निखारे मागे सारा, तळ ओल्या फडक्याने झटकन पुसून घ्या आणि चिमूटभर पीठ टाका. पीठ लगेच काळे पडले तर थोडे थांबा, हळूहळू तांबूस झाले तर पिझ्झा सोडा. तीन-चार मिनिटांत होतो, मध्ये एकदा फिरवायला विसरू नका. वर नंदुरबारची लाल मिरची कुटून घातलीत तर बाहेरच्या पिझ्झाची आठवणही येणार नाही.

नायलॉनची साडी नको, पदर खोचलेला असावा आणि मुलांना हातभर लांब ठेवावे. पाण्याची बादली आणि वाळूचे घमेले जवळ असू द्या. तापलेल्या घुमटावर मात्र पाणी कधीही ओतू नका.

एका जाळात चार घरे

आता पहिल्या मुद्द्याकडे येते. एका पेटवणीला दहा-पंधरा किलो लाकूड सहज लागते. दोन पिझ्झांसाठी एवढे जाळणे म्हणजे उधळपट्टीच. पण तीच उष्णता उतरत्या क्रमाने वापरली तर चार घरांचे जेवण होते. निखाऱ्यांवर आधी भरिताची वांगी भाजा, सोबत पिझ्झे. निखारे काढून झाकण लावले आणि जरा वेळ गेला की बट्ट्या. गॅसवर उकडून तळलेली बट्टी आणि विटांच्या धगीत फुललेली बट्टी यांतला फरक खानदेशच्या लेकीसुनांना सांगायला नको. भट्टी आणखी उतरली की नानकटाई, बिस्किटे. आणि झोपण्यापूर्वी मडक्यात भिजवलेले हरभरे घालून तोंड बंद करा, सकाळी मऊ शिजलेले असतील.

म्हणून दोन-तीन शेजारणी, जाऊबाई, नणंद यांना आधी सांगा. एकीने पीठ मळावे, एकीने वांगी आणावीत, एकीने नानकटाईचे साहित्य. लाकूड फोडणे, जाळ करणे आणि राख काढणे हे घरातल्या पुरुषमंडळींकडे पहिल्या दिवसापासून सोपवा. "मला जमत नाही" हे ऐकून घेऊ नका, होळी पेटवायला बरे जमते! नाहीतर हौस सगळ्यांची आणि घाम एकटीचा, असे व्हायचे. चार हात लागणार नसतील तर खुशाल ओव्हनवर भागवा. लागणार असतील, तर येत्या थंडीत गवंड्याला जरूर बोलवा.