आधी हात, मग ब्रश

रस्त्यावरचं कुत्रं दत्तक घेतलं रे घेतलं, की घरातून फर्मान सुटतं, ‘आधी त्याला आंघोळ घाला!’ त्याच संध्याकाळी ते बिचारं कुठल्याशा पार्लरमध्ये उंच टेबलावर, गळ्यात पट्टा आणि कानाशी घोंघावणारा ड्रायर, अशा अवस्थेत थरथरत उभं असतं. चावलं, की दोष त्याचा. २०१७पासून वर्षानुवर्षं स्वच्छ शहरांत देशात पहिलं आलेल्या आपल्या इंदूरला स्वच्छतेचा ध्यास शोभतो. पण नव्या पाहुण्यावर तो पहिल्याच दिवशी कशाला?

सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५च्या आदेशात भटकी कुत्री दत्तक घ्यायची वाट मोकळी ठेवली आणि ती पुन्हा रस्त्यावर येणार नाहीत, ही जबाबदारी घेणाऱ्यावर टाकली. म्हणजे घाईत बिथरलेलं कुत्रं ‘चावरं’ ठरवून सोडून देणं आता चालणार नाही.

दत्तक घेतलेल्या कुत्र्याचा कान बघा. टोकाला खाच असेल, तर नसबंदी झालेली आहे. या खाचेमागे महापालिकेची गाडी, जाळं, पिंजरा, सुई असं सगळं आहे. अनोळखी माणसाने अंगाला हात लावला, की पुढे काय होतं, हे त्या कुत्र्याला पक्कं ठाऊक असतं. कानाकडे हात जाताच ते मान चोरतं, तो हट्टीपणा नव्हे.

सुदामानगरातल्या एका काकूंनी म्हणूनच ब्रश काही दिवस नुसता कुत्रीच्या ताटलीशेजारी पडू दिला. तिने तो हुंगला, की उकडलेल्या अंड्याचा तुकडा. मग खांद्यावर हात, पुन्हा तुकडा. मग ब्रशचा एकच फटकारा. ती ओठ चाटू लागली, जांभई दिली किंवा डोळ्यांचा पांढरा भाग दिसला, की काकू तिथेच थांबत. ही खरी शिकवणी, आणि ती फुकट आहे.

देशी कुत्र्याच्या आखूड केसांना रबरी ब्रश पुरतो, वारंवार आंघोळ लागत नाही. आपला शाम्पू तर नकोच. त्याच्या कातडीची आम्लता आपल्याहून कमी असते. गोचीड किंवा जखम दिसली, तर मात्र वाट न पाहता थेट पशुवैद्याकडे.

नखांचीही भीती नको. डांबरी रस्त्यावर ती आपोआप झिजतात. पुढच्या पायाच्या आतल्या बाजूचं, अंगठ्याचं नख तेवढं जमिनीला टेकत नाही. ते वाढलं, तर वळून मांसात रुतू शकतं. पंजा हातात देण्याची सवय लावायची, ती त्या एका नखासाठी.