आकड्यांची हाकाटी आणि ऋतूंचे विस्मरण

ऐन आषाढात मालवणच्या किनाऱ्यावर होड्या वाळूवर ओढून झाकलेल्या असतात. सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणारी प्रवासी वाहतूक थांबलेली असते आणि देवगडच्या हापूसचा हंगामही आटोपलेला असतो. एवढ्यावरून कोकणाचे दिवाळे वाजले असा निष्कर्ष कोणी काढला, तर किनाऱ्यावरचे शेंबडे पोरही त्याला हसेल. महानगरांतील वातानुकूलित कक्षांत बसलेले अर्थपंडित मात्र देशाविषयी असेच निष्कर्ष काढतात आणि त्यांना विद्वत्तेचा मुलामा देतात.

२०२५ च्या मे महिन्यात केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाने श्रमबल सर्वेक्षणाचे मासिक आकडे प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. एप्रिलमध्ये बेरोजगारीचा दर ५.१ टक्के होता, तो मे महिन्यात ५.६ टक्के झाला. लगोलग ‘बेरोजगारी वाढली’ असे मथळे झळकले. रब्बीची कापणी संपली, खरिपाची पेरणी अजून व्हायची होती; शेतमजुराचा हात या दिवसांत दरवर्षीच रिकामा असतो. हे आकडे ऋतुसमायोजित नव्हते, ही गोष्ट मथळ्यात कोठेही नव्हती.

ऋतुसमायोजन म्हणजे काही गूढ विद्या नव्हे. समजा, एखाद्या किनारी गावात शंभर कामकऱ्यांपैकी मे महिन्यात ५ आणि जुलैमध्ये ३० जण बेकार असणे हा अनेक वर्षांचा क्रम आहे. यंदा जुलैत २४ जण बेकार निघाले, तर मेच्या तुलनेत बेकारी जवळजवळ पाचपट दिसेल; प्रत्यक्षात मात्र गावाची स्थिती सुधारलेली असेल. उलट ३६ निघाले, तर चिंता करावयास हवी. नेहमीचा चढउतार वजा केल्यावर जे उरते, तेच खरे वर्तमान. त्यासाठी अनेक वर्षांची सलग आकडेवारी लागते. नव्या पद्धतीच्या मासिक मालिकेकडे ती आरंभी असणे शक्यच नव्हते.

परंतु समायोजनाचे साधनही डोळे मिटून उसने घेऊन चालणार नाही. त्याची एक प्रसिद्ध पद्धत अमेरिकी जनगणना खात्याने १९६५ साली सिद्ध केली. तेथील नाताळ दरवर्षी २५ डिसेंबरलाच येतो. कोकणाची बाजारपेठ ज्या गणेशचतुर्थीवर हलते, ती २०२३ साली अधिक श्रावणामुळे १९ सप्टेंबरला आली, २०२४ साली ७ सप्टेंबरला आणि २०२५ साली २७ ऑगस्टला. चाकरमान्यांचे आगमन आणि सणाची खरेदी एका वर्षी सप्टेंबरात, तर दुसऱ्या वर्षी ऑगस्टात पडते. पंचांग न पाहता ऑगस्टची तुलना ऑगस्टशी करणारा हिशेब पायातच चुकतो. गोपाने गावोगावची कुटुंबे, त्यांचे व्यवसाय आणि आयव्यय नोंदवावा, अशी व्यवस्था कौटिल्याने सांगितली होती. त्या देशाला आपले सण हिशेबात धरण्यासाठी कोणाच्या अनुमतीची आवश्यकता नाही.

तथापि हे शस्त्र दुधारी आहे. सुगीत वा सणासुदीत बेरोजगारी घटली की यशाचे नगारे बडवणे हीदेखील तितकीच अप्रामाणिकता ठरते. त्याहून गंभीर बाब अशी, की समायोजित आकडा चुलीवर शिजत नाही. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांच्या मासेमारीबंदीत यांत्रिक नौकेवरील खलाशाची मिळकत थांबते. सर्वेक्षणाच्या साप्ताहिक निकषानुसार सात दिवसांत एक तास काम केलेला मनुष्यही रोजगारात गणला जातो. काठावर जाळे विणणारा हात रोजगाराच्या रकान्यात जाऊ शकतो आणि त्याच्या घरची ओढाताण आकड्यात उमटत नाही. समायोजन देशाची दिशा कळण्यासाठी आहे, दर्यावर्दीचे दोन महिन्यांचे हाल पुसून टाकण्यासाठी नव्हे.

म्हणूनच मूळ आणि समायोजित असे दोन्ही आकडे शेजारीशेजारी प्रसिद्ध व्हावेत, समायोजनात भारतीय सणांचे भान असावे आणि किनारी जिल्ह्यांचे चित्र स्वतंत्रपणे दिसावे, ही मागणी राष्ट्रहिताचीच आहे. तोवर प्रत्येक कार्यकर्त्याने कोणताही आकडा ऐकताच विचारावे : हा कोणत्या महिन्याचा, कोणत्या महिन्याशी ताडलेला, आणि त्यातून ऋतू वजा केला आहे काय? नारळी पौर्णिमेपूर्वी दर्याचा अंदाज कसा घ्यावा, हे मालवणच्या कोळ्या-गाबितांना कोणी शिकवावे लागत नाही. तेवढे शहाणपण देशाच्या अर्थपंडितांनी दाखवावे, ही अपेक्षा अवाजवी नाही.