गार पडते पट्ट्यात, विमा मोजतो मंडळात!

शिरूर/दौंड : भीमेच्या दोन्ही काठांवर उन्हाळ कांदा काढणीला येतो, त्याच सुमारास वळवाचे ढगही जमायला लागतात. उन्हानं तापलेली हवा बाष्प घेऊन वेगात वर चढते. उंचावर गोठलेला थेंब हा झोत ढगातच तोलून धरतो आणि त्यावर बर्फाचे थर चढत जातात. झोत जितका जोरदार, तितकी गार मोठी. पण हा ढग सगळ्या तालुक्यावर सारखा पडत नाही. एका शिवारात कांद्याची पात झोडपून निघते, तर शेजारच्या गावात नुसती वावटळ.

भरपाईचं गणित इथंच अडतं. पूर्वी पीक विम्यात गारपिटीसाठी 72 तासांत तक्रार केली की त्या शेताची पाहणी व्हायची. काढून शेतात सुकत टाकलेल्या पिकालाही 14 दिवसांचं संरक्षण होतं. मे 2025 मध्ये राज्यानं एक रुपयाची योजना बंद केली आणि सोबत हे दोन्ही निकषही वगळले. भरपाई ठरणार ती पीक कापणी प्रयोगांवर, म्हणजे मंडळाच्या सरासरी उत्पादनावर. मंडळातली चार गावं झोडपली, पण बाकीच्यांना चांगलं पिकलं, तर सरासरी टिकते अन् चार गावांच्या हातात काहीच पडत नाही.

मग उरतो सरकारी पंचनामा. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या मोठ्या गारपिटीवेळी मदतीसाठी 50 टक्के नुकसानीची अट होती. 2015 मध्ये ती 33 टक्क्यांवर आली. केंद्राच्या 2022-26 च्या निकषांत बागायती पिकाला हेक्टरी 17 हजार रुपये आणि मर्यादा दोन हेक्टरची. म्हणजे एकरी सात हजारसुद्धा नाहीत. एवढ्यात कांद्याचं बियाणं, लागण आणि खुरपणीचा खर्च तरी कसा निघणार?

मंडळाची सरासरी दुष्काळाला चालते, कारण दुष्काळ सगळ्यांवर सारखा येतो. गारपिटीला शेतनिहाय पाहणीच हवी. ती मागणी ग्रामसभेच्या ठरावातून वर गेली पाहिजे.

तोवर एवढं करा : ई-पीक पाहणी वेळेत नोंदवा. गार पडली की त्याच दिवशी पिकाचे फोटो काढा. तलाठी आणि कृषी सहायकांकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या. डाळिंब-द्राक्षवाल्यांनी फळपीक विमा भरताना गारपिटीचा जादा हप्ता भरलाय का, तेही पावतीवर बघून घ्या.