बटाटेवड्याला पाच तारे



तुमच्यापैकी दोघी-तिघींनी विचारलं, "आम्हीही घरगुती पदार्थ विकतो, जाहिरातीचं काम एजन्सीला देऊ का?" माझा अनुभव सांगते, मग तुम्हीच ठरवा.

आंजर्ल्यात आमचं काम ते केवढंसं! उन्हाळ्यात घातलेली आंबापोळी, फणसपोळी, कोकम आगळ, आणि मागच्या दोन खोल्यांत उतरणाऱ्यांना जैन जेवण. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या. नव्या लावल्या, पण त्या फळाला यायला वर्षं लागतात. तोवर घर ह्याच कामावर चाललंय.

गेल्या चातुर्मासात एका डिजिटल मार्केटिंगवाल्यांचा फोन आला. महिना बारा हजार, जाहिरातीचा खर्च वेगळा, तीन महिन्यांचे पैसे आगाऊ. सासूबाई म्हणाल्या, "माणूस बघितला नाही, आणि पैसे देतेस?" मी ऐकलं नाही.

महिन्याने रंगीत अहवाल आला. चाळीस हजार लोकांपर्यंत पोचलो म्हणे. म्हणजे चाळीस हजार फोनांवरून आमची आंबापोळी वर सरकून गेली. ऑर्डरी आल्या सात, त्यातल्या दोन नणंदेच्या मैत्रिणींच्या.

तेवढंच असतं तर शिकवणीची फी म्हणून सोडून दिलं असतं. पण डिसेंबरात ठाण्याचं एक कुटुंब लहान मुलीला घेऊन आलं. "कासवाची पिल्लं कुठे सोडतात?" आमच्या नावाने जाहिरात होती, 'वर्षभर रोज कासवं पाहा'. मैत्रिणींनो, मादी थंडीत अंडी घालते, पिल्लं बाहेर यायला पन्नासेक दिवस लागतात. कासव महोत्सव असतो तो फेब्रुवारीनंतर. त्या मुलीला घेऊन ह्यांनी किनाऱ्यावर दोन फेऱ्या मारल्या, शिंपले गोळा केले. एका रात्रीचे पैसे आम्ही घेतले नाहीत.

मग सांगलीहून एका ताईंचा फोन आला. दशलक्षणात कडक नेम पाळणाऱ्या. "तुमच्याकडे बटाटा चालतो का हो?" मी चकित. त्यांनी वाचून दाखवलं: 'अप्रतिम बटाटेवडा, पुन्हा नक्की येऊ', पाच तारे. आमच्या स्वयंपाकघरात आजवर कंदमूळ आलेलं नाही! उघडून पाहिलं तर असे तीसेक अभिप्राय, एकही नाव ओळखीचं नाही. ताईंनी बुकिंग रद्द केलं. मी काय समजावणार होते?

एजन्सीवाला म्हणाला, "मॅडम, सगळेच करतात."

माझं मत इथेच आहे. सगळे करतात म्हणून ते व्यवहारचातुर्य होत नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया सांगितली आहे, खोटा लेख तयार करणं. अचौर्याच्या अतिचारांत प्रतिरूपक व्यवहार, अस्सल म्हणून नक्कल खपवणं. खोटा अभिप्राय ह्या दोन्हींत बसतो. आपण स्वाध्यायात हे शब्द पाठ म्हणतो, आणि मला वाटायचं हे जुन्या काळच्या दस्तऐवजांबद्दल आणि तूप-केशरातल्या भेसळीबद्दल आहे.

आणि खरं सांगते, तारे वाढताना पाहून ऑक्टोबरात मी खूष झाले होते. एवढे लोक कुठून आले, हे विचारलं नाही. कृत-कारित-अनुमोदित म्हणतो ना आपण, त्यातलं तिसरं माझं. पैसे दिले म्हणजे दुसरंही.

भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक आणलं, पण ते ऐच्छिक ठेवलं. ऐच्छिक म्हटल्यावर कोण पाळतंय!

सोडवताना आणखी एक कळलं. गूगलवरचं आमचं पान त्यांनी स्वतःच्या ईमेलवर उघडलं होतं. चौथ्या महिन्याचे पैसे दिल्याशिवाय देईनात. मी भांडले, शेवटी निम्मे देऊन पान घेतलं. ते पान उघडायला मुळात एक रुपयाही लागत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. म्हणून एजन्सी ठेवायचीच असेल तर पान आणि जाहिरातीचं खातं आपल्या नावावर, आपल्या ईमेलवर हवं. त्यांना नुसतं मॅनेजर म्हणून जोडता येतं, पासवर्ड द्यावा लागत नाही. आणि अहवालात किती जणांनी पाहिलं ते राहू दे, किती जणांनी फोन केला ते विचारा.

खोटे अभिप्राय आपल्याला पुसता येत नाहीत, फक्त तक्रार करता येते. मी रोज दुपारी भांडी आवरली की पाच-पाच तक्रारी करत बसले. बरेच गेले. पानावर मी स्वतः लिहिलंय की आमच्याकडे कांदा, लसूण, बटाटा नसतो, जेवण सूर्यास्ताआधी. सांगलीच्या ताईंना फोन करून क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, बघू, फाल्गुनात.

बटाटेवडा अजून तिथेच आहे. त्याच्याखाली मी उत्तर लिहिलंय, "आपण आमच्याकडे जेवला नाहीत."